पाटीवर ‘थेरपिस्ट’ आहे, पण नोंदणी कुणाची?

प्रश्न : वडिलांना अर्धांगवायू झाला, उजवा हात अजून लुळाच आहे. घराजवळच्या केंद्राच्या पाटीवर ‘ऑक्युपेशनल थेरपिस्ट’ लिहिलंय, पण तिथे रोज नुसती मशीन लावतात. पदवी विचारली तर सहा महिन्यांच्या कोर्सचं सर्टिफिकेट दाखवलं. हे चालतं का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही चालत. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे व्यवसायोपचार करायला बी.ओ.टीएच. (बॅचलर ऑफ ऑक्युपेशनल थेरपी) ही पदवी आणि राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेची नोंदणी लागते. ही परिषद २००२ च्या कायद्याने आली. नोंदणी प्रमाणपत्र मागा, नाव आणि मुदत पाहा. फसगत होते ती पुढे. फिजिओथेरपिस्टची नोंदणीही याच परिषदेत होते, म्हणून नुसता परिषदेचा शिक्का पाहून थांबू नका, पदवी वाचा. कुणी आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नंबर दाखवला, तर ती नोंदणी विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट वगैरेंची असते. तिच्यावर हे काम करता येत नाही. खोटा दावा वाटला तर पावत्या आणि पाटीचा फोटो जोडून परिषदेकडे लेखी तक्रार करा.

व्यवसायोपचारात मशीन हा मुख्य उपचार नसतो. बटण लावणं, भाकरी मोडणं, तांब्या उचलणं, संडासात ऊठबस यातलं काय अडतं हे आधी करवून पाहिलं जातं. मग त्याच कामांचा सराव, लागला तर स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी) आणि घरात आधाराचे दांडे. हे विचारलंच नसेल तर केंद्र बदला.

तोवर घरी शर्ट घालताना लुळा हात आधी घाला, काढताना शेवटी काढा. त्या हाताला धरून कधीही उठवू नका. स्नायू सैल असल्याने खांद्याचा सांधा खाली सरकतो, आणि एकदा दुखायला लागला की सराव थांबतो. बसवताना हाताखाली उशी ठेवा.

प्रश्न : मुलीला बी.ओ.टीएच.ला प्रवेश मिळतोय. ही फिजिओचीच दुय्यम शाखा आहे, असं नातेवाईक म्हणतात. – एक पालक, फलटण

उत्तर : साफ चुकीचं. आरोग्यसेवेतल्या अशा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात दोन्ही व्यवसायांचे वर्ग वेगळे आहेत. तुमच्या फलटणच्या बालभवन शाळेला ज्यांचं नाव आहे, त्या कमला निंबकरांनीच १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातलं व्यवसायोपचाराचं पहिलं शिक्षण सुरू केलं. प्रवेश घेताना कॉलेजची मान्यता मात्र याच विषयासाठी आहे ना, ते कागदावर पाहा.