म्हैसूरचं ‘दिवा धरलेली स्त्री’ हे रविवर्म्यांचं चित्र इतकं सुंदर का वाटतं?

आधी नाव दुरुस्त करा. जगनमोहन राजवाड्यातलं ते चित्र सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे. रविवर्मा १९०६ साली गेले, चित्र १९४५-४६ चं. तरी दर दिवाळीला ते चुकीच्या नावानं फिरतं, याचा मनापासून राग येतो.

दुसरं, ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे. तैलरंगात उजेड शेवटी पांढऱ्या रंगानं वर चढवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद. ज्योतीची जागा पहिल्या हातापासून राखावी लागते; एकदा रंग गेला की तो पुसून मूळचा लख्खपणा परत येत नाही. पांढरा रंग थापला तर तिथे खडू फासल्यासारखं दिसतं. त्वचेवर पातळ हात एकावर एक द्यायचे, प्रत्येक पुरता वाळल्यावरच. घाई केली तर ओल्यात पाणी पसरून कडा फुटतात आणि गालावर डाग उमटतो. मोठ्या आकाराच्या चित्रात हे सांभाळणं किती अवघड, ते हातात ब्रश धरलेल्यालाच कळेल.

आता बोटं बघा. ज्योतीच्या आड धरलेल्या पंज्याची बोटं लालसर पेटलेली दिसतात, कारण उजेड पातळ कातडीतून आरपार येतो. तोच पंजा ज्योतीचा उजेड चेहऱ्याकडे परतवतो. खालून थेट उजेड पडला की चेहरा भेसूर दिसतो, भुवयांवर सावल्या चढतात. इथे तो मऊ होऊन पोचतो. डोळे अर्धवट मिटून पाहा: नाकडोळे विरतात, चेहरा, बोटं आणि ज्योत उरते. मग अंगठ्यानं ज्योत झाका, चित्र तरीही उजळलेलंच राहतं.

‘मॉडेल देखणी होती म्हणून चित्र देखणं’ हे म्हणणं मला अजिबात मान्य नाही. दिवा धरून उभी राहिली ती हळदणकरांची मुलगी गीता, पण त्यांनी देखणा केला तो उजेड. नाकाची लांबी मोजून देखणेपण ठरवणाऱ्यांनी हे चित्र पाहिलेलंच नाही. मोबाइलवरचे फोटो तर बहुतेक भडक केलेले असतात, त्यावरून मत बनवू नका.

यात रविवर्म्यांना कमी लेखायचं नाही. पण त्यांनाही ओलिओग्राफवरून, म्हणजे तैलचित्रांच्या रंगीत छापील प्रतींवरून, जोखू नका. दगडावरून रंगामागून रंग छापताना गालाचे बारीक चढउतार बुजतात. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात मूळ तैलचित्रं आहेत, ती पाहून या.