व्हायोलावरच्या ज्यू रचना ऐकताना भैरव का आठवतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: ज्यू चाली ऐकताना भैरवाचा भास का होतो, आणि व्हायोलासाठी (व्हायोलिनचं थोडं मोठं भावंड) अशा रचना कोणत्या. मी हौशी व्हायोलावादक आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नात माझी आवडनिवड डोकावणार.

भास खोटा नाही. ज्यू पठणात 'अहावा रब्बा' नावाची एक स्वरपंक्ती आहे. कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी. भैरवात नी शुद्ध, म्हणून खरं तर हे स्वर बसंत मुखारी रागाचे. कोमल रे वरून शुद्ध ग वर जाताना जी लांब ढांग पडते, तिच्यामुळे आपल्याला ते ओळखीचं वाटतं. पण स्वर जुळले म्हणून राग जुळत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय ही ढांग म्हणजेच ज्यू संगीत, असं समजून लिहिलेलं बरंच फुटकळ संगीत आहे. त्यापासून जरा सावध.

खरा गाभा आहे हजानच्या गाण्यात. हजान म्हणजे सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, प्रार्थना गाऊन म्हणणारा. तो तालात गात नाही, शब्दाच्या वजनाने चालतो; कुठे थबकतो, कुठे एका अक्षरावर स्वर घोळवतो. व्हायोला व्हायोलिनपेक्षा पाच स्वर खाली लागतो आणि त्याचा आवाज किंचित घोगरा, छातीतून आल्यासारखा. असं गाणं त्याला शोभतं.

सुरुवात संगीतकार अर्न्स्ट ब्लॉखपासून करा. जन्म जिनिव्हाचा (1880), पुढे अमेरिकेत. त्याची 1951 ची 'स्वीट हेब्राईक' (स्वीट म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना) व्हायोलासाठी आहे (व्हायोलिनवरही वाजवतात). तिचे तीन भाग. पहिला, 'रॅप्सोडी', मी बसवायला घेतला तेव्हा मात्रा मोजून मोजून वाजवला आणि तो अगदी पाढे म्हटल्यासारखा वाजला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "वाजवू नकोस, वाचून दाखव." तेव्हा कुठे जमायला लागलं.

गंमत म्हणजे याच ब्लॉखची 1919 ची व्हायोला-पियानोची स्वीट लोक सर्रास 'ज्यू' म्हणून ऐकवतात. ती लिहिताना त्याच्या डोळ्यासमोर अतिपूर्वेकडची बेटं आणि जंगलं होती. त्या वर्षीच्या कूलिज संगीतरचना स्पर्धेत ती आणि रिबेका क्लार्कची व्हायोला सोनाटा यांना परीक्षकांची मतं समसमान पडली आणि स्पर्धा भरवणाऱ्या एलिझाबेथ कूलिजबाईंनी आपलं मत ब्लॉखच्या पारड्यात टाकलं. सुंदर रचना आहे, पण तुमच्या यादीत नको.

जर्मन संगीतकार माक्स ब्रुखचं 'कोल निद्रे' मूळ चेलो या मोठ्या, खर्जातल्या तंतुवाद्याचं. व्हायोलाच्या तारा चेलोच्याच, फक्त एक सप्तक वर, म्हणून तेही छान बसतं. ब्रुख स्वतः प्रोटेस्टंट. ही चाल त्याला बर्लिनच्या एका हजानकडून मिळाली. योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी म्हणतात ते हे मूळ शब्द म्हणजे शपथा रद्द ठरवणारा अरामी भाषेतला जवळजवळ कायदेशीर मसुदा आहे. आर्जव सगळं चालीत. एकोणिसाव्या शतकातला व्हायोलिनवादक योआखिम याच्या 'हिब्रू मेलडीज'ही (ओपस 9) व्हायोलासाठीच आहेत, पण त्या बायरनच्या कवितांवरून सुचलेल्या. मला त्यात सिनेगॉगपेक्षा जर्मन संगीतकार शूमानच जास्त ऐकू येतो.

माझी सगळ्यात आवडती मात्र ओडोन पार्तोशची 'यिझकोर' (1947), व्हायोला आणि तंतुवाद्यवृंदासाठी. यिझकोर म्हणजे मृतांच्या स्मरणाची प्रार्थना. पार्तोश बुडापेस्टचा, हंगेरियन संगीतकार कोडायचा विद्यार्थी; 1938 मध्ये तेल अवीवला येऊन पॅलेस्टाईन ऑर्केस्ट्राचा मुख्य व्हायोलावादक झाला. युरोपात मारल्या गेलेल्या ज्यूंसाठी त्याने हे लिहिलं, आणि वाद्य नेमकं कुठे घोगरं होतं हे त्याच्या बोटांना माहीत होतं.

एक लक्षात ठेवा, ब्लॉख-ब्रुखच्या मागे युरोपातल्या ज्यूंची परंपरा आहे. आपल्या अलिबाग-पेणच्या बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, पठण ऐकलं असेल, तर त्या चाली इथे शोधू नका. 'यिझकोर' रात्री, हेडफोन लावून ऐका, आणि ऐकून झालं की लगेच दुसरं काही लावू नका.