सेवकांचे प्रश्न : दसऱ्यानंतर रिकामी होणारी वस्ती

प्रश्न : बीडलगतच्या झोपडपट्टीत दोन वर्षांपासून ख्रिस्ती उपासना चालते. सतरंजीवर तीस-पस्तीस माणसं बसतात. दसरा झाला की निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि दरवर्षी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. – एक सुवार्तिक (ख्रिस्ती प्रचारक)

उत्तर : बंधू, तुमची मंडळी पाच-सहा महिने फडावर राहते. तेव्हा मंडळीचं वर्ष त्या हंगामावरच बसवा. पोळा झाला की घरोघर फिरून वहीत लिहून घ्या : कोण जाणार, मुकादम कोण, कारखाना कोणता, फोन कोणाकडे, मागे म्हातारी माणसं नि लेकरं किती. एका टोळीत आपले तीन-चार कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, असतील तर वाचता येणारा एक जण निवडा. त्याला बायबलमधला नवा करार द्या, पण जाण्याआधी पाच-सहा भजनं सगळ्यांकडून पाठ करून घ्या. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, रात्री वाचण्याइतका उजेड नसतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी घालून दिलेली भजनाची वाट इथे फार कामाची आहे. अभंगाची चाल आधीच कानात असते, टाळ नसले तर ताटावर ठेका धरता येतो.

फडावर रविवारी दहाची वेळ ठरवू नका. तोड पहाटे सुरू होते आणि गाडी भरायला मध्यरात्रीही हाक येते. जेवणं झाल्यावर पंधरा मिनिटं, जमेल त्या रात्री, एवढंच सांगा.

नाताळात माणसं फडावर असतात, ईस्टरच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाच्या, सुमाराला परततात. म्हणून वस्तीतला मोठा सण तो करा, आणि नाताळात तुम्ही कोप्यांवर जा. बाप्तिस्म्याचं शिक्षणही परतल्यावर सुरू करा. भाद्रपदात सुरू केलेलं अर्ध्यावर तुटतं.

लेकरांचं मात्र आधी बघा. सोबत नेलं की शाळा सुटते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शाळेतून हंगामी वसतिगृह चालवता येतं, पण यादी वेळेत लागते. टोळ्या निघायच्या आधीच मुख्याध्यापकांना भेटा.

प्रश्न : लातूरच्या वस्तीत आम्ही उपासनेनंतर धान्य वाटायचो. वाटप थांबलं आणि गर्दी गेली. आता शेजारी त्याला धर्मांतराचं ‘आमिष’ म्हणतात. – एक पाळक

उत्तर : शेजाऱ्यांवर रागावू नका. त्याच खोलीत, त्याच दिवशी, त्याच हातांनी धान्य मिळालं तर कोणालाही तसंच वाटेल. आणि घेणाऱ्या बाईलाही वाटतं की पुढच्या रविवारी आलं नाही तर नाव कटेल. ही भीती तिच्या विश्वासाला कायमची चिकटते.

मदत थांबवू नका, वेगळी करा. यादी अंगणवाडीताई आणि दुसऱ्या धर्माचे दोन शेजारी यांच्यासोबत गल्लीवार करा : विधवा, आजारी, अपंग. वाटप आठवड्यातल्या दुसऱ्या दिवशी, उघड्यावर, प्रार्थनेविना. नोंदवही कोणालाही पाहू द्या. पिशवीभर गव्हापेक्षा रेशनकार्डात नाव चढवून देणं किंवा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून देणं जास्त दिवस पुरतं.

प्रश्न : गायरानावर चर्च बांधायला वस्तीतले लोक जागा दाखवतात. बांधावं का? आणि बाप्तिस्मा मागणाऱ्या कुटुंबाला आधी काय सांगावं? – एक भगिनी, परभणी

उत्तर : बांधू नका. सार्वजनिक जागेवर विनापरवाना प्रार्थनास्थळ उभारण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये मनाई केली आहे. शिवाय अतिक्रमण निघालं की गरिबांच्या वर्गणीचे पत्रे जातात. भाड्याची खोली घ्या, करार लेखी करा.

बाप्तिस्म्याआधी नवरा-बायको दोघांनाही समोर बसवून जातीच्या दाखल्याचं स्पष्ट सांगा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्ध, यांनाच आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही, त्या दर्जावर मिळणारी मुलांची शिष्यवृत्ती आणि राखीव जागाही जाते. हे लपवून दिलेला बाप्तिस्मा म्हणजे फसवणूक. ऐकून ते वर्षभर थांबतो म्हणाले तर थांबू द्या, आणि त्या वर्षभरात त्यांच्या घरी जाणं कमी करू नका.