वाचकांचे प्रश्न: ग्रहण, परात आणि ट्यूबलाइटचं खोकं

आमच्या चाळीत ग्रहणाला परातीत हळदीचं पाणी घालून त्यात सूर्य बघतात. वर बघायचंच नाही, म्हणजे डोळ्यांना धोका नाही, असं मोठी माणसं सांगतात. हे बरोबर आहे का? (लालबाग)

नाही. सूर्य डोक्यावर असताना पाण्याच्या पृष्ठभागावरून साधारण 2 टक्के प्रकाश परत येतो. ऐकायला हे थोडं वाटतं. पण सूर्य बघायच्या चांगल्या गॉगलमधून जास्तीत जास्त 0.0032 टक्के प्रकाश आत यावा, असं आयएसओ 12312-2 हे मानक सांगतं. म्हणजे परातीतला सूर्य त्या मर्यादेच्या सहाशे पटींहून प्रखर असतो. सूर्य कलला की पाण्याचा आरसाच होतो आणि हिशेब आणखी बिघडतो. हळदीने पाणी गढूळ होतं, पण प्रकाश परततो तो वरच्यावर, त्यामुळे तिचा उपयोग नाही.

परातीऐवजी आरसा घ्या, मात्र त्यात बघण्यासाठी नव्हे. पर्समधल्या छोट्या आरशावर जाड कागद चिकटवा आणि त्या कागदाला आधीच पंचिंग मशीनने एक भोक पाडून ठेवा. ते भोक 6 मिमीचं असतं, तेवढं पुरे. वाटीत तांदूळ भरून त्यात आरसा खोचा, म्हणजे हवा तसा कलवता येतो. वाटी उन्हाच्या खिडकीत ठेवून कवडसा खोलीतल्या समोरच्या भिंतीवर पाडा आणि बाकीचे पडदे ओढा. 6 मीटरवर साडेपाच सेंटिमीटरचा सूर्य मिळतो, आख्ख्या बिऱ्हाडाला एकदम दिसेल असा. खोली दहा फुटांचीच असेल तर दार उघडून कवडसा गॅलरीपार न्या, कारण जवळच्या भिंतीवर कडा फार धूसर येते. दर दोन मिनिटांनी हा सूर्य आपल्याच रुंदीइतका सरकतो, तेव्हा वाटीजवळ एकाला बसवा. आरशात डोकावायचं नाही, हे मात्र मुलांना आधीच बजावा.

शाळेत बुटाच्या खोक्याचा सूचिछिद्र कॅमेरा केला. मुलांना नुसता ठिपका दिसला, कोर दिसलीच नाही. काय चुकलं? (मुलुंड, शिक्षिका)

खोकं आखूड पडलं. भोकापासून कागदापर्यंतच्या अंतराला 108 ने भागलं की सूर्याच्या प्रतिमेचा व्यास येतो. बुटाचं खोकं 30 सेंटिमीटरचं, म्हणजे सूर्य जेमतेम 3 मिमीचा. त्यात भोक पेन्सिलीच्या टोकाने पाडलं असेल तर तेही तेवढंच, मग गोल भोकाचाच गोल ठिपका दिसणार.

इलेक्ट्रिकच्या दुकानातून चार फुटी ट्यूबलाइटचं रिकामं खोकं मागून आणा. लांबी 1.2 मीटर, सूर्य 11 मिमीचा. एका टोकाला स्वयंपाकघरातली फॉइल ताणून चिकटवा. सुरकुती पडली तर भोक फाटतं. सुईने साधारण 1 मिमीचं एकच भोक पाडा. दुसऱ्या टोकाला आतून पांढरा कागद लावा आणि त्याच्या अलीकडे बाजूला दोन बोटं रुंद खिडकी कापा. सांधे काळ्या चिकटपट्टीने बंद करा. बहुतेक खोकी इथेच फसतात, कारण फटीतून ऊन शिरलं की प्रतिमा धुवून निघते.

मग सूर्याकडे पाठ करून खोकं खांद्यावर घ्यायचं, फॉइलचं तोंड मागे. नेम धरायला वर बघू नका, खोक्याची जमिनीवरची सावली बघा. ती सगळ्यात आखूड झाली की खोकं बरोबर सूर्याच्या रोखाने आहे. प्रतिमा उलटी पडते, वरचं खाली. मुलं हे विचारणारच.

एवढी खटपट नको असेल तर घरातून पुरणयंत्राची जाळी आणायला सांगा. कागदापासून मीटरभर वर धरली की भोकागणिक एकेक कोर पडते. मैदानात वड-पिंपळ असेल तर पानांच्या फटी हेच काम फुकट करतात.

जुने एक्स-रे आणि 2019 च्या ग्रहणाचे कागदी गॉगल घरात आहेत. कोणते वापरू? (घाटकोपर)

एक्स-रे नको. त्याचा काळा भागही पुरेसा काळा नसतो, आणि समोर अंधारलं की बाहुली मोठी होऊन उलट जास्त प्रकाश आत घेते. काजळी धरलेली काच, सीडी, साधे काळे गॉगल यांचंही तेच. ग्रहणाचे कागदी गॉगल मात्र तपासून वापरता येतील. घरातल्या दिव्यासमोर धरा. प्रकाशाचे बारीक ठिपके किंवा ओरखडे दिसले तर टाकून द्या. मुंबईच्या दमट हवेत कागदी चौकटीचा गोंदही सुटतो, कडा बघा. चष्मा असेल तर गॉगल चष्म्यावरून धरावा. वेल्डिंगची काच 14 नंबरची चालते, पण दुकानदार न विचारता देतात ती बहुधा 10 किंवा 11 ची.

दृष्टिपटल भाजलं तरी दुखत नाही. काही तासांनी अक्षरांचा मधलाच भाग गायब दिसू लागतो. तसं झालं तर थेंब घालत बसू नका, नेत्रतज्ज्ञाकडे जा.

26 डिसेंबर 2019 ला मुंबईत पाऊणहून जास्त सूर्य झाकला होता म्हणतात, मग अंधार का नाही झाला? (बोरिवली)

त्या दिवशी झाकला गेला साधारण 79 टक्के, उरला पंचमांश. आषाढातल्या भरल्या आभाळात उजेड याहून कमी असतो, आणि तेव्हा आपण दिवे लावतोच असं नाही. डोळा हळूहळू सावरून घेतो. ऊन थोडं फिकट वाटतं, सावल्यांच्या कडा वेगळ्या दिसतात, इतकंच. खरा अंधार खग्रासमध्येच.

मोबाइलने फोटो येईल का? (दादर)

येईल. गॉगलची फिल्म लेन्सला टेकवून धरा, पडद्यावर सूर्याला बोट लावा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. दुर्बिणीला मात्र फिल्टर पुढच्या बाजूलाच हवा. गॉगल घालून दुर्बिणीत बघणं सगळ्यात घातक, एकवटलेलं ऊन फिल्म जाळून आत शिरतं.

25 ऑक्टोबर 2022 ला चौपाटीवरून ग्रस्तास्त, म्हणजे ग्रहण लागलेलं असतानाच मावळणारा सूर्य, बघितला. आता मुंबईतून पुढचं कधी? (गिरगाव)

2 ऑगस्ट 2027, सोमवार. त्या दिवशी इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास सहा मिनिटांहून जास्त चालेल. मुंबईत ते खंडग्रास, दुपार उलटल्यावर, पश्चिमेच्या आकाशात. सूर्य 2022 सारखा पाण्याला टेकलेला नसेल, म्हणून चौपाटीच हवी असं नाही. पश्चिमेची गच्चीही चालेल.

अडचण पावसाची. दाट ढगात आरसा आणि खोकं दोन्ही निकामी. पातळ ढगातून सूर्याची थाळी नुसत्या डोळ्यांना सोसवते असं वाटतं, पण ढग फाटला की प्रकाश एका क्षणात वाढतो. गॉगलमधून काही दिसत नसेल तर मान खाली घालून ढग जायची वाट बघा. रजा मिळत असेल तर घाट ओलांडून नगर-सोलापूरच्या पर्जन्यछायेत जा. सूर्याचा झाकलेला घास किंचित लहान दिसेल, पण आभाळ मोकळं मिळण्याची शक्यता बरीच जास्त.