स्कॉटलंडमधील सामान्य माणूस रोजच्या जगण्यात कशाने त्रासलेला असतो?

आपण विचारले आहे की, स्कॉटलंडच्या बातम्यांत स्वातंत्र्याच्या सार्वमताचाच वाद दिसतो, मग तिथल्या सामान्य माणसाचे रोजचे प्रश्न नेमके कोणते. मी गेली सहा वर्षे नैर्ऋत्य किनाऱ्यावरील एअरशर भागात राहते आणि वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करणाऱ्या सेवेत काम करते. त्यामुळे हे उत्तर राजधानी एडिंबरातील स्कॉटिश संसदेतून नव्हे, तर माझ्या कामाच्या वाटेवरून दिलेले आहे. २०१४ च्या सार्वमतात ५५ टक्के लोकांनी ब्रिटनमध्ये राहण्याच्या बाजूने कौल दिला आणि तो वाद अजून मिटलेला नाही, हे खरे. परंतु ज्यांना मी रोज सकाळी चहा करून देते त्यांच्या बोलण्यात तो विषय क्वचितच येतो. ते बोलतात बोटीबद्दल, घराबद्दल आणि आज कोण केअरर (घरी येऊन देखभाल करणारी व्यक्ती) येणार याबद्दल. या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी माझ्या मते गुंता एकच आहे: इथे कायद्याने बरेच काही मिळते, पण ते माणसापर्यंत पोहोचायला बोट, घर आणि हात लागतात, आणि नेमकी त्यांचीच टंचाई आहे.

बोटीपासून सुरुवात करते. आमच्या किनाऱ्यावरून समोर ॲरन बेट दिसते. तिथे जेमतेम साडेचार-पाच हजार माणसे राहतात आणि पेट्रोलपासून पावापर्यंत जवळजवळ सर्व काही समुद्रावरून येते. पश्चिम किनाऱ्यावरील बहुतेक बेटांना सरकारी मालकीच्या कॅलमॅक कंपनीच्या बोटी जोडतात आणि इथले लोक त्यांना ‘लाइफलाइन’ म्हणतात, त्यात अतिशयोक्ती नाही. कोकणात दाभोळ-धोपावे फेरीबोट बंद असली तर माणूस वैतागतो आणि लांबच्या रस्त्याने वळसा घालून जातो. ॲरनला वळसा घालायला रस्ताच नाही.

या बेटासाठी नवे जहाज बांधण्याची कथा आता स्कॉटलंडभर कुचेष्टेचा विषय झाली आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये दोन जहाजांचे ९ कोटी ७० लाख पौंडांचे कंत्राट पोर्ट ग्लासगो येथील फर्ग्युसन शिपयार्डला मिळाले आणि जहाजे २०१८ मध्ये धावू लागतील असे ठरले. पहिल्या जहाजाचे, ‘ग्लेन सॅनॉक्स’चे, जलावतरण नोव्हेंबर २०१७ मध्ये तत्कालीन फर्स्ट मिनिस्टर (स्कॉटिश सरकारच्या प्रमुख) निकोला स्टर्जन यांच्या हस्ते झाले, तेव्हा जहाज इतके अपुरे होते की जहाज हाकण्याच्या कक्षाला खिडक्यांच्या जागी काळा रंग फासलेला होता. २०१९ मध्ये शिपयार्ड दिवाळखोरीत गेले आणि सरकारने ते ताब्यात घेतले. जहाज प्रवाशांच्या सेवेत आले ते जानेवारी २०२५ मध्ये. तोवर दोन्ही जहाजांचा खर्च मूळ रकमेच्या चौपटीवर गेला होता. एवढे करून ते जहाज आर्ड्रॉसनच्या नेहमीच्या धक्क्याला लागत नाही, म्हणून ते ट्रून या दुसऱ्या बंदरातून सोडावे लागले आणि पाऊण-एक तासाचा प्रवास आणखी लांबला. दोष कोणाचा, हे विचारले तर जहाजांची मालकी एका सरकारी कंपनीकडे, ती चालवणे दुसरीकडे आणि पैसे देणे तिसऱ्या संस्थेकडे असल्याने बोट एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. (इथे ‘बोट’ हा शब्द दोन्ही अर्थांनी चालेल.)

यात एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा कळत नाही. तेवढेच अंतर रस्त्याने कापायला जो खर्च येईल त्या हिशेबाने बोटीचे भाडे आकारण्याची पद्धत ॲरनला २०१४ मध्ये लागू झाली. भाडे निम्म्याच्या आसपास आले आणि बेटवासीयांना आनंद झाला. परंतु पर्यटकांनाही तेच भाडे असल्याने उन्हाळ्यात त्यांच्या मोटारी वाढल्या आणि बोटी मात्र जुन्याच राहिल्या. परिणामी ज्या माणसाला परवा किनाऱ्यावरच्या रुग्णालयात जायचे आहे, त्याच्या गाडीला जागा मिळेना.

माझ्याकडचे एक आजोबा मूळचे ॲरनचे. डोळ्यांच्या उपचारासाठी त्यांना दर काही आठवड्यांनी इकडे यावे लागे. वाऱ्यामुळे फेऱ्या रद्द झाल्या आणि एका हिवाळ्यात त्यांच्या लागोपाठ दोन तारखा हुकल्या. एकोणऐंशीव्या वर्षी त्यांनी बेटावरचे घर विकले आणि मुलीजवळ राहायला आले. आजही बोटीच्या सूचनांचे मेसेज त्यांनी बंद केलेले नाहीत. मी सकाळी त्यांचे मोजे चढवत असते आणि ते फोन डोळ्यांजवळ धरून मला सांगतात, “सात वाजताची गेली, पुढचीचा भरवसा नाही.” त्या बोटीने त्यांना कुठेही जायचे नसते.

त्यांचे घर कोणी घेतले, तर सुट्टीत राहायला येणाऱ्या एका कुटुंबाने. मे २०२४ मध्ये स्कॉटिश सरकारने राष्ट्रीय गृहनिर्माण आणीबाणी जाहीर केली. त्याआधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, एडिंबरा आणि ग्लासगो या शहरांनी आपापल्या पातळीवर ती जाहीर केली होती. शहरांत प्रश्न भाड्याचा आणि बेघरांना हॉटेलांत ठेवण्याचा आहे. बेटांवर प्रश्न वर्षातले बहुतेक दिवस कुलूप लागलेल्या घरांचा आहे. अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा स्थानिक कर) लावण्याची मुभा स्थानिक कौन्सिलांना एप्रिल २०२४ पासून मिळाली असली, तरी ज्याला समुद्रासमोरचे दुसरे घर परवडते तो दुप्पट कराने किती बिचकेल, याबद्दल मला शंका आहे.

इथे माझा व्यवसाय येतो. ६५ वर्षांवरील माणसाला आंघोळ, कपडे, जेवण यासाठी लागणारी मदत स्कॉटलंडमध्ये २००२ पासून उत्पन्न न पाहता विनामूल्य मिळते आणि २०१९ पासून ही सोय सर्व प्रौढांना आहे. इंग्लंडमध्ये असे नाही आणि इथल्या लोकांना याचा रास्त अभिमान आहे. परंतु ती मदत करणारी माणसे कुठे राहणार? बेटावर भाड्याचे घर नाही, आणि किनाऱ्यावरून रोज बोटीने जाऊन सकाळी आठला कोणाला अंथरुणातून उठवणे शक्य नाही. केअरर मिळत नाही म्हणून बरी झालेली माणसे रुग्णालयातच पडून राहतात. २०२४ मध्ये कोणत्याही दिवशी स्कॉटलंडभर अशा सुमारे दोन हजार खाटा अडकलेल्या होत्या, आणि त्यामुळे नव्या रुग्णांची रांग लांबत गेली. आमच्या गटात केरळ, झिम्बाब्वे, नायजेरिया इथल्या मुली आहेत, नाशिकची एक आहे. पण जुलै २०२५ पासून ब्रिटनने परदेशातून नवे केअरर आणण्याचा मार्ग बंद केला. व्हिसाचे धोरण लंडन ठरवते, एडिंबरा नाही. स्वातंत्र्याचा वाद रोजच्या जगण्याला स्पर्श करतो तो असा, तोही आमच्या कामाच्या वेळापत्रकात रिकाम्या राहिलेल्या रकान्यांतून.

आपण इकडे येणार असाल आणि ॲरन पाहायची इच्छा असेल, तर जरूर या, परंतु मोटार मागे ठेवून पायी बोटीत चढा. पायी प्रवाशाला जागा सहसा मिळते, बोट जिथे लागते त्या ब्रॉडिकच्या धक्क्यावरूनच बेटावरच्या बस सुटतात, आणि गाडीची ती एक जागा कोणाच्या तरी रुग्णालयाच्या तारखेला उपयोगी पडते. हिवाळ्यात मात्र परतीसाठी दिवसाच्या शेवटच्या फेरीवर विसंबू नका.