मांडावरच्या कामाला पगार कोण देणार?

डिचोली तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी आल्तिनोच्या गोवा कला महाविद्यालयात बीएफएच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाड्यावरची सरकारी प्राथमिक शाळा मुलं कमी झाल्याने बंद पडली. तिचा व्हरांडा झाडून ही मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी दर रविवारी पोरं जमवतात, चित्रं काढतात. जपानमधल्या कुठल्याशा कलामहोत्सवाचा व्हिडिओ दाखवून ती घरी म्हणाली, ‘मी गावातच राहून हेच करणार.’ पुण्याच्या एका डिझाइन स्टुडिओच्या मुलाखतीला ती गेलीच नाही. वडील लिहितात, ‘मी वीस वर्षं जत्रेच्या नाटकात काम करतो. पदरचे घालतो, घेत नाही. मग मांडावरच्या कामाला पगार कोण देणार?’ (मांड म्हणजे गावाची देवकार्याची, खेळ-नाचाची सामायिक जागा.)

नमस्कार भाऊ,

‘पोरीची आवड आहे, करू द्या’ असं लिहून मी मोकळी झाले असते, तर तुम्ही कागद घडी घालून ठेवून दिला असता, आणि ते बरोबरच झालं असतं. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा तुमचा ट्रक दारात उभा राहिला, मधे थोडा चालला, २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर परत उभा राहिला, हे तुम्ही एका ओळीत उरकलंय. ज्याने हे सोसलं तो मुलीसाठी बांधलेला पगार मागणारच. शिवाय आपल्या गोव्यात सरकारी नोकरी लागली की अर्धं लग्न जमल्यातच जमा.

पण तुमचा नाटकाचा मुद्दा जरा उलटा करून बघू. जत्रेचं नाटक फुकट उभं राहतं, कारण त्याला तिथी आहे आणि देव आहे. दिवस जवळ आले की तालमी सुरू होतात, वर्गणी निघते, पडदे आणि कपडे भाड्याने येतात. चवथीला गणपतीवर टांगतात ती रानफळांची माटोळीही तशीच. रानातून कुठलं फळ कुणी आणायचं हे कुणाला सांगावं लागत नाही. बंद शाळेला तिथी नाही. तिची किल्ली बारा महिने कुणीतरी सांभाळावी लागते. ‘गेल्या रविवारी का आला नाहीस रे?’ म्हणून पोराच्या दारात जावं लागतं, पंचायतीत खेटे घालावे लागतात, रंगांचा हिशेब वहीत मांडावा लागतो. पगार लागतो तो या कामाला. तुमच्या मुलीला हे उमगलंय की ती अजून चित्रांच्याच नादात आहे, हे पत्रावरून मला कळलं नाही.

तुमच्या वर्णनावरून तो महोत्सव निगाता प्रांतातल्या एचिगो-त्सुमारीचा असावा. २००० साली सुरू झाला, साधारण दर तीन वर्षांनी भरतो. पसारा सुमारे ७६० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या गोव्याचा पाचवा हिस्सा. डोंगरउतारावरची भातशेती, तरुण माणसं शहरात, घरं ओस. तिथल्या एका बंद प्राथमिक शाळेत सेइझो ताशिमा या चित्रकाराने शेवटच्या तीन विद्यार्थ्यांना पात्रं केलं आणि अख्खी इमारतच चित्रांच्या गोष्टीसारखी उभी केली. २००९ पासून लोक ती बघायला येतात. उबुसुना नावाच्या शाकारलेल्या जुन्या घरात गावच्या बायका पाहुण्यांना रांधून वाढतात. एवढं मुलीने तुम्हाला दाखवलं असेल. महोत्सव उभारणारे फ्राम कितागावा यांना आधी कित्येक वर्षं गावोगावच्या बैठकांत विरोध ऐकत बसावं लागलं, आणि एवढं होऊनही तिथली लोकसंख्या घटायची काही थांबली नाही, हे बहुधा दाखवलं नसेल. माणसं आली, काही घरं सावरली, म्हाताऱ्यांच्या हाताला काम मिळालं. गाव पुन्हा तरुण झालं नाही.

मला मात्र तिला जपानपेक्षा हेग्गोडूला पाठवावंसं वाटतं. कर्नाटकात सागर तालुक्यातलं गाव आहे, आपल्या कुळागरांसारख्या सुपारीच्या बागांतलं. १९४९ मध्ये के. व्ही. सुब्बण्णा आणि त्यांच्या मित्रांनी तिथे ‘नीनासम’ नावाची हौशी नाटकमंडळी काढली. तिचं नाट्यशिक्षण केंद्र व्हायला १९८० उजाडलं. १९८५ पासून त्यांचं फिरतं नाटक कर्नाटकभर हिंडतं. १९९१ मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं राहू द्या, १९४९ ते १९८० ही मधली एकतीस वर्षं मोजा. सुब्बण्णांचं घर सुपारीवर चालत होतं.

तेव्हा मुलीला विचारा, तुझी सुपारी कुठली?

शाळेत चित्रकला शिकवणं ही एक सुपारी. घरी बसून पुस्तकांची मुखपृष्ठं, दुकानांची आणि हॉटेलांची डिझाइनची कामं घेणं ही दुसरी. २०१६ पासून डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कलामहोत्सव भरतो. तिथे मांडणीच्या, स्वयंसेवकांच्या कामात घुसावं. कला शिकण्यासाठी नव्हे, एवढा खर्च कसा आखतात आणि वेळेत कसा उरकतात ते जवळून बघण्यासाठी. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यात घर चालत नाही, पण रंग आणि पेट्रोल सुटतं. बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाप्रकल्पांना अनुदान देतं, आणि तिथे अर्ज मराठीत लिहिलेला चालतो. आपल्या मुलांना हे माहीतच नसतं. इंग्रजीच्या धास्तीने अर्ज राहून जातात.

पुढचं शिक्षण घ्यायचंच असेल तर एमएफए इतक्यात नको, असं माझं मत. तिला रेघ काढता येते. अनोळखी पंधरा माणसांची सभा चालवता येते का? ते समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकवतात. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, बंगालमधल्या विश्वभारतीचं श्रीनिकेतन आहे. टागोरांनी खेड्यांच्या कामासाठी ते १९२२ मध्ये सुरू केलं, कलेचं शांतिनिकेतन हाकेच्या अंतरावर. पण आधी एक वर्ष गावात काढावं, मग जावं. नाहीतर तिथे शिकलेले शब्द घेऊन परत येईल आणि वाड्यावर कुणाला ते कळणार नाहीत.

दोन गोष्टी लगेच करा. शाळा बंद पडली तरी इमारत सरकारचीच. व्हरांडा वापरायला शिक्षण खात्याची लेखी परवानगी घ्या, पंचायतीला पत्राची प्रत द्या. कुणी पडलं-झडलं तर बोट तुमच्या मुलीकडे जाईल. आणि पुढच्या ग्रामसभेला तिला घेऊन जा. तुम्ही बोलू नका, तिला उभी राहू दे. लोक हसतील. नाटकात पहिल्यांदा संवाद विसरलात तेव्हा तुम्हालाही हसले असतील ना?

एक काळजीही सांगते. भिंती रंगवायच्या नादाला तिला लागू देऊ नका. फोटो छान येतात, दोन पावसाळ्यांत शेवाळ चढतं, आणि भिंत कुणाची यावरून भांडण उरतं.

तुमच्या पत्रात एक वाक्य कोपऱ्यात पडलंय. कुठल्याशा रविवारी शेजारच्या आजी व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी पोरींना धालोची दोन गाणी म्हणून दाखवली. पौषात मांडावर बायका धालो हा गाण्या-नाचाचा खेळ घालतात, त्यातलीच. आजींना कुणी बोलावलं नव्हतं, असं तुम्ही लिहिता. वाटलं तर पुण्याच्या स्टुडिओला तिच्याकडून पुन्हा फोन करवा, माझी हरकत नाही. पण त्याआधी तिला एवढं विचारून मला कळवा: पुढच्या रविवारी आजी परत आल्या होत्या का? आणि नसतील आल्या, तर ती त्यांच्या घरी गेली होती का?