वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं : एकटा दवाखाना आणि डॉक्टरांची संघटना

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. माझी लेक एमबीबीएस झाली. दोन वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करून आता आमच्या तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना टाकतेय. आमच्या घराण्यात ती पहिलीच डॉक्टर. डिपॉझिट, फर्निचर, मशिनं यातच कर्ज झालंय. परवा डॉक्टरांच्या संघटनेच्या, म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशनच्या (आयएमए) इथल्या शाखेतले दोघं जण येऊन सभासदत्वाचा फॉर्म देऊन गेले. ती म्हणते, "आई, ही मंडळी 1 जुलैला केक कापतात आणि सहली काढतात, मला काय उपयोग?" तिला रात्री-अपरात्री एकटीने पेशंट बघावे लागणार, या विचाराने मला मात्र झोप नाही. तिने सभासद व्हावं का?
— एक आई

उत्तर : ताई, व्हावं. तुमची झोप ज्या काळजीने उडाली आहे, त्याच काळजीसाठी व्हावं.

मी 26 वर्षं एका लहान गावात प्रॅक्टिस करते आहे. एका पावसाळ्यात, दिवेलागणीला, शेतात गवत कापणाऱ्या एका बाईंना ट्रॅक्टरवर घालून आणलं. घोट्याजवळ दोन खुणा, पाय सुजलेला. बरोबरचे म्हणत होते, साप दिसला नाही. त्याच्या काही महिने आधी, एका रविवारी आमच्या शाखेत सर्पदंशावर व्याख्यान झालं होतं. त्यात एका फिजिशियननी एक साधी गोष्ट करून दाखवली होती. शिरेतलं थोडं रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी कलती करायची. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेली काचही चालत नाही. मी तशी नळी टेबलावर उभी करून घड्याळ बघत बसले. वीस मिनिटांनी कलती केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं. म्हणजे विष रक्तात उतरलं होतं, बहुधा घोणस. त्या व्याख्यानानंतरच मी विषप्रतिबंधक लशीच्या दहा वायल आणून ठेवल्या होत्या. लशीची रिॲक्शन आलीच तर लागणारं ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवून सलाइनमधून लस सुरू केली आणि शाखेतल्या त्याच फिजिशियनना फोन लावला. ते अर्धा तास फोनवर माझ्याबरोबर होते. ॲम्ब्युलन्स पोचेपर्यंत त्यांनी पुढच्या हॉस्पिटलात खाट तयार ठेवली. बाई वाचल्या.

ही परीक्षा मी कॉलेजात वाचली नव्हती असं नाही. पण वाचलेलं आणि हातात आलेलं यात फार अंतर असतं. विंचूदंशाचंही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीवर केलेलं काम 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात छापून आलं, पण ती गोळी कधी द्यायची आणि बीपीवर लक्ष कसं ठेवायचं, हे मला नीट कळलं ते अशाच एका सभेत, एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या शेजारी बसून. डॉक्टर म्हणून असलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी अशा व्याख्यानांच्या हजेरीतून मिळणारे 30 क्रेडिट पॉइंट दर पाच वर्षांत लागतातच. लेकीला सांगा, ते नुसत्या सह्यांसाठी मिळवू नकोस.

टीबीचं उदाहरण माझ्या फार जवळचं आहे. 2012 पासून खासगी डॉक्टरांनीही प्रत्येक टीबी पेशंटची नोंद सरकारकडे करणं बंधनकारक झालं. आम्ही बरेच जण कुरकुरलो. नाव कळवलं तर पेशंट बिथरेल, दुसरीकडे जाईल, असं वाटायचं. शाखेने जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना बोलावून समोरासमोर बसवलं. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटलाही सरकारी गोळ्या फुकट मिळू शकतात, हे मला तिथे उमगलं. पुढे 2018 पासून पोषणासाठी महिना 500 रुपये खात्यात येऊ लागले, आता ते 1000 झालेत. वीटभट्टीवरचा माणूस चौथ्या महिन्यात औषध सोडत नाही, त्यात या पैशाचा आणि नोंदीमुळे घरी येणाऱ्या आशाताईंचा मोठा वाटा आहे. एकट्या दवाखान्याला हे जमलं नसतं.

बाकी फायदे थोडक्यात सांगते. आयएमएची सामाजिक सुरक्षा योजना आहे. तिच्यातला एखादा डॉक्टर वारला की बाकीचे सभासद ठरलेली रक्कम भरतात आणि ती त्याच्या घरच्यांना मिळते. मारहाण-तोडफोडीविरुद्ध महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. पण रात्री अकराला दारात जमाव असताना कायद्याच्या आधी माणसं लागतात. एका ओळखीच्या डॉक्टरकडे असा प्रसंग आला, तेव्हा शाखेतले सात-आठ जण स्कूटरवरून येऊन नुसते पायरीवर उभे राहिले, आणि अध्यक्ष आत जाऊन दगावलेल्या पेशंटच्या भावाजवळ तासभर बसले. काय घडलं, ते त्यांनी त्याला शांतपणे समजावलं. काच फुटली नाही.

केक कापतात हे खरं. 1 जुलै हा डॉक्टर्स डे, म्हणजे पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झालेल्या डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्मदिवस आणि स्मृतिदिनही. त्या दिवशी एखादी शाखा मधुमेहाचं शिबिर घेते, एखादी फक्त जेवण घालते. शाखा-शाखांत फरक असतोच. म्हणून लेकीला म्हणावं, फॉर्म भरण्याआधी दोन सभांना जाऊन बस. आणि पहिल्याच सभेत सर्जन, भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ या चौघांचे रात्री उचलले जाणारे नंबर वहीत लिहून घे.

प्रश्न : डॉक्टरची चूक झाली तर संघटना त्यालाच पाठीशी घालते. मग आम्ही दाद कुठे मागायची?
— निवृत्त शिक्षक

उत्तर : गुरुजी, संघटनेकडे तक्रार नेऊ नका, तिला नोंदणी काढून घेण्याचा अधिकारच नाही. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला आहे. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येऊ नये म्हणून आयएमए सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती आणि 1995 मध्ये हरली. तेव्हा मी विद्यार्थिनी होते, आम्हाला तो निकाल अन्यायाचा वाटला. आज मला तो योग्य वाटतो. त्यानंतर केसपेपर नीट लिहिले जाऊ लागले, हे मी स्वतः पाहिलं आहे.

कुठेही जायचं तर आधी कागद हातात घ्या. पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. अर्ज दोन प्रतींत लिहा आणि आपल्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्या.